चालतो प्रोग्राम, अडते डोंगल : जुन्या जुळणी-कार्यालयातून विंडोज ११चे परीक्षण

विंडोज ११ ही संगणकप्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. परंतु मुंबईतल्या लहान छापखान्यांत आणि अक्षरजुळणीच्या कार्यालयांत तिची खरी चर्चा सुरू झाली ती विंडोज १०चा आधार, म्हणजे तिला मिळणाऱ्या सुरक्षेच्या नेहमीच्या अपडेट, संपण्याची तारीख अंगावर आली तेव्हा. १४ ऑक्टोबर २०२५ ही ती तारीख. ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर आल्याबद्दल आमच्या व्यवसायात बरीच कुरकुर झाली, तरी माझ्या मते तो मुहूर्त वाईट नव्हता, कारण दिवाळी अंकांच्या प्लेटा तोवर गेलेल्या असतात आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांची गर्दी अजून सुरू व्हायची असते. कार्यालयातली यंत्रे उघडून बसायला वर्षभरात याहून मोकळे दिवस मिळत नाहीत. गिरगावातल्या आमच्या कार्यालयातील यंत्रे त्या सुमारास एकेक करून विंडोज ११वर नेली, आणि लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मंडळांच्या स्मरणिका अशी नेहमीची कामे तिच्यावर होऊन गेल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

या प्रणालीविषयी लिहिणारे बहुतेक जण स्टार्टचे बटण मध्यभागी आले, खिडक्यांचे कोपरे गोल झाले, उजव्या क्लिकनंतरची जुनी यादी आणखी एका क्लिकच्या आड गेली, यावर पाने भरतात. हे सगळे लवकर अंगवळणी पडते आणि त्यासाठी कोणाचे काम अडत नाही. आमच्यासारख्यांचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्या कपाटात पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या प्रोग्रामच्या पंचवीस वर्षांच्या फायली आहेत, ज्यांचा मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम या मराठी टंकन-पॅकेजांच्या युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेताआधीच्या, फॉन्टांत अडकलेला आहे आणि ज्यांचे गिऱ्हाईक ‘गेल्या खेपेसारखेच करा, फक्त साल बदला’ असे सांगून निघून जाते, त्यांना या नव्या प्रणालीवर जुने सॉफ्टवेअर कितपत चालवता येते, एवढेच जाणून घ्यायचे असते. माझा अनुभव असा की जुने प्रोग्राम विंडोज ११वर अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगले चालतात. अडते ते त्यांच्या गोतावळ्याचे, म्हणजे डोंगल (प्रोग्राम चालण्यासाठी यंत्राला लावावी लागणारी परवान्याची किल्ली), ड्रायव्हर (जोडलेले उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम), फॉन्ट, प्रिंटर आणि नेटवर्कवरचे फोल्डर यांचे. नवरदेव मुकाट्याने बोहल्यावर उभा राहतो. रुसून दारात थांबतात ते मामा आणि आत्याबाई.

यंत्राच्या पात्रतेचा विषय आधी उरकून घेतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, अशा साधारण अटी आहेत. यातल्या ४ जीबीच्या अटीवर कोणी विसंबू नये. तेवढ्या मेमरीवर प्रणाली सुरू होते, काम होत नाही. २०१८नंतरच्या बऱ्याच मदरबोर्डांवर टीपीएमची सोय असतेच, ती बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते एवढेच, त्यामुळे ‘हा कॉम्प्युटर चालणार नाही, नवा घ्या’ असे कोणी सांगितले तर आधी बायोस उघडून पाहावे. हार्ड डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली असेल तर विंडोज १०मध्येच असलेल्या ‘एमबीआरटूजीपीटी’ या साधनाने मजकूर न पुसता ती बदलता येते. अर्थात त्याआधी बॅकअप घेतलेला असावा, हे छापखान्यातल्या माणसाला सांगायला नको. अटी न पाळणाऱ्या यंत्रावर रूफससारखे साधन वापरून विंडोज ११ बसवून देणारे लॅमिंग्टन रोडवर पुष्कळ आहेत. घरच्या यंत्रावर ज्याला हौस असेल त्याने ती करावी, परंतु अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये विशिष्ट सूचनासंच नसेल तर प्रणाली सुरूच होत नाही, म्हणून ज्या यंत्रावर गिऱ्हाइकाचे काम आहे तिथे हा मार्ग मला मान्य नाही.

आता मुख्य विषय. विंडोज १०पर्यंत प्रत्येक विंडोजची ३२ बिटांची आवृत्ती मिळत असे. विंडोज ११ची तशी आवृत्ती काढलेलीच नाही. ऐकायला हा फरक तांत्रिक वाटतो, पण जुळणीच्या कार्यालयांतील निम्म्या अडचणींचे मूळ त्यातच आहे. अनेक ठिकाणी चांगल्या ६४ बिटांच्या यंत्रावरही मुद्दाम ३२ बिटांची विंडोज टाकलेली असे, कारण जुन्या पॅकेजच्या डोंगलचा ड्रायव्हर फक्त तीवर चालत असे. अशा यंत्राला विंडोज ११वर थेट अपग्रेड करता येत नाही. सगळे पुसून नव्याने बसवावे लागते, म्हणजे सगळे प्रोग्राम पुन्हा टाकणे आले, त्यांच्या सीडी शोधणे आले आणि त्या सीडीच्या कागदी पाकिटावर कोणे एके काळी पेनाने लिहिलेला क्रमांक वाचता येणेही आले. शिवाय ३२ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे, म्हणजे विंडोज ३.१च्या आणि डॉसच्या काळातले प्रोग्राम चालवण्याची जी सोय होती, ती ६४ बिटांच्या विंडोजवर कधीच नव्हती. त्यामुळे विंडोज ११मधून ती पूर्णपणे गेली आहे. काही जुन्या पॅकेजांत प्रोग्राम ३२ बिटांचा आणि त्याचा इन्स्टॉलर मात्र १६ बिटांचा, असा विचित्र प्रकार असतो. त्यांपैकी इन्स्टॉलशील्डच्या काही ठरावीक इन्स्टॉलरांना विंडोज स्वतःच ओळखते आणि त्यांच्या जागी ३२ बिटांचा इन्स्टॉलर चालवते. इतक्या जुन्या गोष्टीची आठवण ठेवणारा कोणी तरी त्या कंपनीत बसलेला आहे, याचे मला कौतुक वाटते.

कौतुकाचाच विषय निघाला आहे तर तोही पुरा करतो. अॅपलने २०१९मध्ये मॅकओएस कॅटालिना आणताना ३२ बिटांचे सगळे प्रोग्राम एका फटक्यात बंद केले. विंडोज ११वर १९९५नंतरच्या काळातले ३२ बिटांचे प्रोग्राम आजही बसतात आणि चालतात. पेजमेकर ७ हे २००१चे सॉफ्टवेअर आहे. अडोबीने २००४मध्ये त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. तरी ते आमच्याकडे विंडोज ११वर उघडते, पाने लावते आणि पीडीएफसाठी पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची फाइल काढून देते. त्याला ‘अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ असे सांगावे लागते आणि मोठ्या रिझोल्यूशनच्या पडद्यावर त्याच्या टूलबॉक्समधली चित्रे मुंगीएवढी दिसतात. त्यावर उपाय प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटी या पानावर आहे : तिथे ‘हाय डीपीआय’च्या खाली स्केलिंगचे काम प्रोग्रामऐवजी सिस्टिमकडे सोपवले की अक्षरे किंचित धूसर होतात, पण डोळे फोडून बघावे लागत नाही. त्याच पानावर विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ निवडण्याचीही सोय आहे. तिचा उपयोग पुष्कळांना वाटतो तितका होत नाही. प्रोग्रामला आपण एक्सपीवर आहोत असे भासवले जाते, पण त्याला लागणारा ड्रायव्हर काही त्यामुळे उगवत नाही.

पेजमेकर चालते म्हणून त्यातच काम करत राहावे, असे मात्र मी म्हणणार नाही. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, आणि त्याची जागा घेणाऱ्या अडोबीच्या इनडिझाइनमध्येही पेजमेकरच्या फायली थेट उघडण्याची सोय सीएस६ या आवृत्तीपर्यंतच होती. नंतरच्या आवृत्त्यांतून ती काढून टाकली. ज्यांच्याकडे सीएस६ची वैध प्रत आहे त्यांनी ती जिवापाड जपावी, कारण जुन्या फायली नव्या काळात आणण्याचा तो शेवटचा पूल आहे.

एक गोष्ट बारकाईने सांगण्यासारखी आहे, कारण ती कोणी सांगत नाही आणि तिच्यामुळे माणसे एकमेकांवर संशय घेतात. जुने प्रोग्राम आपल्या सेटिंगच्या आणि शब्दसंग्रहाच्या फायली प्रोग्राम फाइल्स या फोल्डरातच लिहीत. व्हिस्टापासून, म्हणजे २००७पासून, विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाही. पण प्रोग्राम कोसळू नये म्हणून त्याची समजूत घातली जाते, आणि ती फाइल गुपचूप त्या त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवली जाते. परिणामी सकाळच्या पाळीतील ऑपरेटरने स्वतःच्या नावाने लॉगिन करून ‘ज्ञानेश्वरी’, ‘तर्कतीर्थ’, ‘बॅरिस्टर’ असे शब्द शब्दसंग्रहात घातले, तर दुपारच्या पाळीतील ऑपरेटरला त्यांतला एकही दिसत नाही. आमच्याकडे दुपारी येणाऱ्या ताई आमच्या ज्येष्ठ ऑपरेटर काकांना म्हणाल्या, “काका, तुम्ही शब्द टाकले म्हणता, इथे तर काहीच नाही.” काकांनी स्वतःच्या लॉगिनमध्ये ते सगळे उघडून दाखवले. दोघेही खरेच बोलत होते. असा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवर वेगळे फोल्डर करून तिथे बसवला आणि त्या फोल्डरावर सर्वांना लिहिण्याची परवानगी दिली की हा घोळ होत नाही. विंडोज १०वरही हेच होते. फरक एवढाच की नव्याने बसवताना प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देण्याकडे विंडोज ११चा कल असल्यामुळे हे आता अधिक जणांना भोवते.

डोंगलचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. आमच्याकडे एक जुने अक्षरजुळणी पॅकेज आहे; त्याच्या कंपनीचे नाव लिहीत नाही. त्याची एक प्रत पॅरलल पोर्टच्या डोंगलवर चालते आणि दुसरी यूएसबीच्या. पॅरलल पोर्ट नव्या मदरबोर्डांवर नसतोच, आणि बाजारात यूएसबीला पॅरलल जोडणाऱ्या ज्या वायरी मिळतात त्या प्रिंटरसाठी केलेल्या असतात. डोंगलला पोर्टशी ज्या भाषेत बोलायचे असते ती त्या वायरींना येत नाही. मदरबोर्डवर बसवायचे पॅरलल पोर्टचे कार्ड मिळते, पण ते घेऊनही ड्रायव्हरचा प्रश्न राहतोच. यूएसबीचे डोंगल लावले तर विंडोज ११ने ते ओळखले नाही. डोंगलवरचा हिरवा दिवा लागलाच नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणाची खूण येऊन बसली. कारण सरळ होते. ड्रायव्हर हा प्रणालीच्या गाभ्यात बसतो, तो ६४ बिटांचाच असावा लागतो आणि त्यावर मान्यताप्राप्त डिजिटल सही असावी लागते. विंडोज १०च्या २०१६मधल्या १६०७ या आवृत्तीपासून तर नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टमार्फत झालेली सही आवश्यक केलेली आहे. आमच्या पॅकेजच्या सीडीवरचा ड्रायव्हर ३२ बिटांचा निघाला. कंपनीला विचारले तेव्हा ‘नवी आवृत्ती घ्या, जुने डोंगल जमा करा, फरक भरा’ असे उत्तर मिळाले. नवी आवृत्ती युनिकोडची असल्यामुळे तो सौदा एका दृष्टीने वाईट नव्हता. परंतु जुन्या आवृत्तीत केलेल्या फायली नवीत जशाच्या तशा उघडतील, असे लेखी द्यायला मात्र कोणी तयार झाले नाही.

ज्यांच्या डोंगलला ६४ बिटांचा ड्रायव्हर मिळतो त्यांनाही एक अडथळा पार करावा लागतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटीच्या खाली कोअर आयसोलेशन म्हणून एक भाग आहे आणि त्यात मेमरी इंटिग्रिटी नावाचे बटण आहे. विंडोज ११ नव्याने बसवलेल्या, त्यास लायक असलेल्या यंत्रांवर ते बहुधा सुरूच असते आणि त्याच्या कसोटीला न उतरणारा जुना ड्रायव्हर चालू दिला जात नाही. ते बंद असताना सुरू करायला गेलो तर कोणते ड्रायव्हर आड येतात, त्यांची फायलींच्या नावांसह यादी तिथेच मिळते. ही यादी अपग्रेडच्या आधी विंडोज १०वरच काढून पाहता येते आणि माझ्या मते प्रत्येकाने ती पाहावी. हे बटण बंद केले की डोंगल चालते, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला खोटा नाही. पण त्यामुळे संपूर्ण यंत्राचे संरक्षण एका जुन्या डोंगलपायी कमी होते, आणि त्याच यंत्रावर जीएसटीचे रिटर्न आणि बँकेचे व्यवहार होत असतील तर हा सौदा महागात पडणारा आहे.

फॉन्टांच्या बाबतीत विंडोज ११ काही बिघडवत नाही, परंतु तिच्या सवयी ठाऊक नसतील तर सगळे बिघडले असे वाटते. फॉन्टच्या फाइलीवर उजवे क्लिक करून नुसते ‘इन्स्टॉल’ म्हटले तर तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता, त्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसतो. विंडोज १०च्या २०१८च्या अखेरच्या आवृत्तीपासून ही पद्धत आहे. वर्डमध्ये तो दिसतो, पण अनेक जुन्या प्रोग्रामांना ते फोल्डरच ठाऊक नसते आणि त्यांच्या यादीत तो येत नाही. ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ हा दुसरा पर्याय निवडला की तो नेहमीच्या फॉन्ट्स फोल्डरात जातो आणि पेजमेकरसह सगळीकडे दिसू लागतो. एवढ्या एका क्लिकसाठी ‘अमुक फॉन्ट विंडोज ११ला चालत नाही’ असे पसरवणारे मला फोर्टातल्या बोराबाजारापासून दादरपर्यंत भेटले आहेत.

दुसरी सवय मंगल या फॉन्टची. विंडोज २०००पासून मंगल हा विंडोजवरचा नेहमीचा देवनागरी फॉन्ट, आणि सरकारी कार्यालयांपासून शाळांपर्यंत असंख्य वर्ड फायली त्यातच केलेल्या आहेत. विंडोज १०पासून तो मूळ प्रणालीत नसतो. कोकिळा, उत्साह, अपराजिता यांच्याबरोबर तो देवनागरीच्या पूरक फॉन्टांमध्ये गेला आहे आणि प्रणालीचा स्वतःचा फॉन्ट म्हणून निर्मला यूआय येतो. कोरी विंडोज ११ बसवून मंगलमधली फाइल उघडली तर मजकूर दिसतो, वाचता येतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. परंतु मंगलच्या जागी दुसरा फॉन्ट आलेला असतो, त्याची उंची आणि रुंदी वेगळी असते, आणि शंभर पानांच्या अहवालात अनुक्रमणिकेतले पान क्रमांक चुकू लागतात. पतसंस्थेच्या अहवालात ताळेबंदाचा तक्ता पुढच्या पानावर सरकला की सभासदांच्या आधी सचिवांचा फोन येतो. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतले, किंवा भाषांच्या यादीत मराठी जोडून तिचे घटक उतरवले, की मंगल परत येतो. हे काम यंत्र बसवतानाच उरकावे.

तिसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. रीजनच्या जुन्या खिडकीत, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह या पानावर, सर्व जगाच्या भाषांसाठी युनिकोड यूटीएफ-८ वापरण्याची एक चौकट आहे आणि तिच्यापुढे बीटा असे लिहिलेले आहे. ‘मराठी नीट दिसावे’ म्हणून काही तंत्रज्ञ त्या चौकटीत टिक करून जातात. आधुनिक प्रोग्रामांना तिची गरज नसते, आणि जुन्या आठ बिटी फॉन्टांवर चालणाऱ्या प्रोग्रामांना ती घातक ठरते. कारण त्या फॉन्टांत मराठी अक्षरे पाश्चात्त्य वर्णसंचाच्या १२८च्या पुढच्या जागांवर बसवलेली असतात आणि त्या जागांचा अर्थच या टिकमुळे बदलतो. अर्धी जोडाक्षरे चौकोन होतात, काही नाहीशी होतात. ती टिक काढून यंत्र पुन्हा सुरू केले की मजकूर परत दिसतो, पण मधल्या काळात कोणी ती फाइल सेव्ह केली असेल तर गेलेली अक्षरे परत येतीलच असे नाही.

कळफलकाबाबत थोडक्यात. विंडोज ११मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहे आणि २०१९पासून विंडोजबरोबर येणारा फोनेटिक कळफलकही आहे. टंकलेखन संस्थेत रेमिंग्टन पद्धतीवर हात बसलेल्या ऑपरेटरांना मात्र आयएसएमसारखा बाहेरचा प्रोग्राम घ्यावाच लागतो. पन्नाशीच्या माणसाला ‘आता इनस्क्रिप्ट शिका’ असे सांगणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांनी आधी स्वतः शिकून दाखवावे.

प्रिंटर आणि झेरॉक्स-स्कॅनर यांचा त्रास विंडोज ११पेक्षा तिच्या २४एच२ या आवृत्तीनंतर अधिक जाणवतो. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४मध्ये आली. जुनी बहुउद्देशीय यंत्रे स्कॅन केलेले पान नेटवर्कवरच्या एखाद्या फोल्डरात टाकतात, आणि त्यासाठी एसएमबी या नेटवर्कवर फायली वाटण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती किंवा पासवर्डाशिवायचे गेस्ट खाते वापरतात. पहिली आवृत्ती विंडोज १०च्या २०१७मधल्या आवृत्तीपासूनच मुळात बसवलेली नसते; आणि २४एच२मध्ये, विशेषतः प्रो आवृत्तीत, प्रत्येक देवाणघेवाणीवर सही मागितली जाते आणि गेस्ट खात्याला दार बंद केले जाते. यंत्राच्या पडद्यावर मात्र नुसते ‘सेंड फेल’ असे उमटते आणि दोष बिचाऱ्या वायरीला दिला जातो. ही सगळी बंधने काढता येतात, पण ती काढण्यापेक्षा स्कॅन फोल्डराऐवजी ईमेलवर पाठवणे किंवा यूएसबी ड्राइव्हवर घेणे मला बरे वाटते. प्रिंटरांच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्येच जाहीर केले आहे की कंपन्यांचे स्वतंत्र प्रिंटर-ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवले जाईल. याचा व्यवहारातला अर्थ असा की आज चालत असलेल्या जुन्या लेझर प्रिंटरच्या ड्रायव्हरची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. आमचा ए३ आकाराचा प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट जाणणारा असल्यामुळे तो कोणतीही तक्रार न करता विंडोज ११वर चालला. बटर पेपरवरचे पॉझिटिव्हही पूर्वीसारखेच निघतात.

डॉसवरच्या हिशेबाच्या प्रोग्रामांविषयी एकच सांगतो, कारण गृहनिर्माण सोसायट्यांची बिले अजूनही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रोग्राममधून काढणारे लोक गिरगाव-लालबागेत आहेत. विंडोज ११ त्यांना थेट चालवू शकत नाही. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या साधनात ते बहुधा उघडतात, पण ते साधन मुळात जुन्या खेळांसाठी बनवलेले आहे आणि छपाईला त्यात नीट वाव नाही. आकडे बाहेर काढून नव्या प्रोग्रामात नेणे हाच खरा मार्ग.

राहता राहिले ते डोंगलवाले पॅकेज. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स या, यंत्राच्या आत दुसरे आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये विंडोज एक्सपी बसवून यूएसबीचे डोंगल आतल्या एक्सपीच्या हवाली केले, आणि तिथे मात्र हिरवा दिवा लागला. ३२ बिटांचा जुना ड्रायव्हर आत खुशाल बसतो, कारण बाहेरच्या विंडोज ११ला त्याच्याशी देणेघेणे नसते. मेमरी इंटिग्रिटी सुरू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवे कासव दिसते आणि वेगही त्याच्या नावाला साजेसा होतो. तरी लग्नपत्रिकेचा मजकूर सुधारण्याइतके काम त्यावर होते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४लाच संपला असल्यामुळे आतल्या यंत्राचे नेटवर्क पूर्ण बंद ठेवावे आणि फायलींची ने-आण एकाच सामायिक फोल्डरातून करावी. पॅरलल पोर्टचे डोंगल याही मार्गाने गेले नाही. त्यासाठी एक जुने यंत्र विंडोज ७सह, इंटरनेटची वायर काढून, कोपऱ्यात तसेच ठेवले आहे. वायफायचे कार्डही त्यातून काढले आहे, नाहीतर कोणी तरी ‘दोन मिनिटांसाठी’ ते जोडतेच.

ज्यांना अपग्रेडसाठी बाहेरचा तंत्रज्ञ बोलवायचा आहे त्यांनी एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. २४एच२ नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले तर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. तंत्रज्ञाने वेळ वाचवण्यासाठी स्वतःचेच खाते घातले, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खिशात जाते. पुढे मदरबोर्ड बदलायची वेळ आली आणि तो माणूस फोन उचलेनासा झाला, तर सगळे अंक आणि सगळ्या पत्रिका आतच राहतील. खाते आपल्या समोर, आपल्या नावाने काढून घ्यावे आणि की कागदावर छापून कपाटात ठेवावी.

सध्या विंडोज १०वरच राहू इच्छिणाऱ्यांसाठी सोय आहे, पण ती मुदतीची आहे. घरगुती यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात; सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवल्या तर विनामूल्य, नाहीतर ३० डॉलरमध्ये. व्यवसायाच्या यंत्रांसाठी पहिल्या वर्षाला यंत्रामागे ६१ डॉलर असा दर ठेवला आहे, तो दरवर्षी दुप्पट होतो आणि जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतो. त्या पैशांत माझ्या मते डोंगलसाठी वेगळे जुने यंत्र राखून बाकीची विंडोज ११वर नेणे अधिक शहाणपणाचे ठरते. ज्यांचे सगळे काम युनिकोड, इनडिझाइन आणि पीडीएफवर आले आहे त्यांनी तर विनाकारण थांबू नये; त्यांच्यासाठी हा अपग्रेड जवळजवळ बिनत्रासाचा आहे आणि परवाना असलेल्या विंडोज १०वरून तो फुकट मिळतो. ज्यांचे यंत्र ३२ बिटांच्या विंडोजवर आहे त्यांनी मात्र हे काम सीझनच्या तोंडावर काढू नये.

थेट अपग्रेड केल्यावर जुनी प्रणाली विंडोज.ओल्ड या फोल्डरात राहते आणि दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून परत जाता येते. हे दिवस नुसते चालू-बंद करून पाहण्यात घालवू नयेत. गेल्या वर्षी छापून झालेल्या एखाद्या अहवालाची मूळ फाइल विंडोज ११वर उघडावी, तिची पीडीएफ काढावी, ती आपल्या प्लेटवाल्याकडे पाठवून त्याच्या यंत्रावर उघडते का ते पाहावे, आणि तिचा प्रिंट छापलेल्या प्रतीवर ठेवून उजेडासमोर धरावा. ‘र्‍या’, ‘ट्ट’, ‘द्ध’ असलेल्या ओळी आणि तक्त्यांतले आकडे आधी पाहावेत. बिघडायचे असेल तर तिथेच आधी बिघडते. अकराव्या दिवशी ते लक्षात आले तर परतीच्या पर्यायाचे बटण त्या पानावर दिसणार नाही.